पांढऱ्या पायाची

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९७३ आहे, आणि ती खोटी आहे. पहिलीत नाव घालायला आजी घेऊन गेली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "कवाचं पोरगं?" आजी म्हणाली, "दुष्काळातलं." गुरुजींना तेवढं पुरलं. त्यांनी १ जून लावून टाकली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनचीच होती. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वयाचं गणित बरोबर बसावं, एवढाच त्यामागचा हिशेब. पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं की हवामान खात्याच्या लेखी १ जून ही केरळच्या किनाऱ्यावर मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख आहे. म्हणजे गुरुजींनी नकळत माझी गाठ पावसाशी बांधून दिली होती.

खरा जन्म शिमग्याच्या आसपासचा. आईला तिथी आठवत नाही. "पाझर तलावाचं काम चालू हुतं, आन् हिरीत पोरं किरकेट खेळत हुती," एवढं तिला आठवतं. कोरड्या विहिरीत क्रिकेट हा तिचा नेहमीचा अतिशयोक्त अलंकार आहे, पण विहीर कोरडी होती हे खरं.

आमचं गाव माणदेशात. सह्याद्रीवर धो धो कोसळून ढग रिकामे झाले की जे काही उरतं ते आमच्याकडं येतं. वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आत-बाहेर. चांगल्या सालातसुद्धा माणदेशी माणूस पावसाबद्दल पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलतो. आला तर आला.

आई लग्न होऊन या गावात आली ती १९७०च्या वैशाखात, सतरा-अठरा वर्षांची. त्या साली पाऊस कमी झाला. पुढल्या साली त्याहून कमी. १९७२ साली मृगानं हुलकावणी दिली, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि ज्वारी पेरायचीसुद्धा वेळ आली नाही. तीन वर्षं ओळीनं. गावात चर्चा सुरू झाली आणि ती फिरत फिरत आमच्या उंबऱ्यात येऊन थांबली. सून आली आणि पाऊस गेला. आजीनं, म्हणजे आईच्या सासूनं, आई तिला आत्ती म्हणायची, तोंडावर कधी म्हटलं नाही म्हणे, पण विहिरीवरच्या बायकांना सांगितलं, आणि विहिरीवर सांगितलेली गोष्ट चुलीपाशी पोचायला कितीसा वेळ लागतो. पांढऱ्या पायाची.

हा शब्द ज्यांनी ऐकला नसेल ते भाग्यवान. ज्या बाईच्या पावलानं घरात अवदसा येते, ती पांढऱ्या पायाची. बैल मेला, सासरा आजारी पडला, दिवाळं निघालं, तर नव्या सुनेच्या पायाकडं बघायचं. आईच्या वाट्याला बैल किंवा सासरा आला नाही. तिच्या पायाशी अख्ख्या महाराष्ट्राचा दुष्काळ येऊन पडला.

सहा महिन्यांची पोटुशी असताना ती खडी फोडायला जायला लागली. दुष्काळी कामावर तेव्हा कुणाला चोरी नव्हती, पाटलाची सूनसुद्धा येत होती. त्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशी सरकारी कामावर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली. पुढं १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी देशानं तीच कल्पना उचलली. आईला यातलं काही ठाऊक नाही. तिला मस्टरवरचा अंगठा आठवतो, मुकादमाची शिवी आठवते, मिळालेली सुकडी आठवते आणि रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आठवते. "त्या भाकरीला ना वास, ना चव. जनावरानं तोंड फिरवलं आसतं."

खडी फोडायची तिची हातोडी अजून आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात आहे. दांडा तीनदा बदलला. तोंड एका बाजूनं झिजून तिरकं झालंय, कारण आई डावखुरी. आता ती आलं ठेचायला आणि नारळ फोडायला वापरतात. डाव्या भुवईवर आईला एक बारीक खाच आहे, तिथं केस उगवत नाहीत. कपची उडाली होती. डोळा थोडक्यात वाचला, पण मुकादमानं त्या दिवशीचा खाडा धरला.

मी झाल्यावर सव्वा महिन्यानं ती परत कामावर. बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, मला त्यात घालायचं, आणि दर चार-पाच पाट्यांनंतर येऊन झोळीला एक झोका द्यायचा.

यानंतर मी एकदम १९९७ सालात येतो. मी पुण्यात एका बँकेत चिकटलो होतो, आणि त्या पावसाळ्याआधी वर्तमानपत्रांत एक नवाच शब्द यायला लागला होता, एल निनो. शतकातला सगळ्यात मोठा, असं लिहून येत होतं. शेतीकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला धडकी भरावी असाच सूर. मी वाचत गेलो, आणि एका लेखात एल निनोच्या जुन्या वर्षांची यादी सापडली: १८७७, १८९९, १९१८, १९६५, १९७२, १९८२, १९८७. १९७२वर माझं बोट थांबलं.

एल निनो म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मुलगा', आणि इथं बाळ येशू. हे नाव शास्त्रज्ञांनी दिलेलं नाही. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पैता बंदराचे खलाशी ते वापरत. नाताळच्या सुमाराला उत्तरेकडून एक कोमट प्रवाह किनाऱ्यालगत खाली यायचा, म्हणून त्याला बाळाचं नाव. कामिलो कारिय्यो या पेरूच्या नौदल अधिकाऱ्यानं १८९२ साली लिमाच्या भूगोल मंडळापुढं हे नाव मांडलं आणि ते कागदावर आलं. एरवी हा प्रवाह दोन-तीन महिने राहून जायचा. पण काही वर्षी बाळ मुक्कामालाच यायचं.

त्याचं येणं कोळ्याला का नको असतं, हे समजून घेताना मला पेरूचा समुद्र फार आवडायला लागला. तिथलं पाणी विषुववृत्ताजवळ असूनही गार. दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो, आणि शिवाय वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटून नेतात. मग त्याची जागा घ्यायला खालचं थंडगार पाणी वर येतं. येताना तळाचं खत घेऊन येतं. त्या खतावर शेवाळासारखे सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्यांच्यावर अँचोव्हेटा नावाचा बोटाएवढा मासा. आपल्या मांदेलीच्याच कुळातला. १९७० साली एकट्या पेरूनं सुमारे १ कोटी २० लाख टन अँचोव्हेटा पकडला होता. तेवढा एका जातीचा मासा तोवर जगात कुठंच कुणी पकडला नव्हता. पेरूची माणसं तो फारसा खात नव्हती. त्याची भुकटी करून युरोप-अमेरिकेच्या कोंबड्या-डुकरांना घालत.

मग १९७२ उजाडलं. किनाऱ्यालगतचं पाणी तापलं, खालचं पाणी वर येईना, आले तरी त्यात खत नाही. मासा खोल गेला, दक्षिणेला पळाला, मेला. आधीच बेसुमार उपसा झालेला होता, त्यामुळं पाठ टेकायला जागाच उरली नव्हती. १९७३पर्यंत पकड जेमतेम २० लाख टनांवर आली. मासा खाऊन खडकावर विष्ठेचे डोंगर रचणारे समुद्रपक्षी उपाशी मेले. मासळीची भुकटी संपली तशी जगभर जनावरांच्या खुराकासाठी सोयाबीनवर उड्या पडल्या, भाव भडकले, आणि १९७३च्या जूनमध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच थांबवली. जपानची त्रेधा उडाली आणि तो ब्राझीलकडं वळला. आज लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव ब्राझीलच्या पिकावर हलतो तेव्हा मला त्या बोटभर माशाची आठवण येते.

पण गंमत अशी की त्याच बाळाच्या पावलानं पेरूच्या उत्तरेकडच्या वाळवंटात पाऊस पडतो. जिथं वर्षानुवर्षं थेंब नाही तिथं गुडघाभर गवत उगवतं. तिथले जुने धनगर अशा वर्षांना सुबत्तेची वर्षं म्हणत. एकाच कारणानं पैताचा कोळी उपाशी, धनगर खुशीत, आणि माणदेशात माझी आई खडी फोडतेय.

हे सगळं एकमेकांत अडकतं कसं? मी शास्त्रज्ञ नाही, मला जसं उमगलं तसं सांगतो. विषुववृत्ताच्या लगत पॅसिफिकवर वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतात, पेरूकडून इंडोनेशियाकडं. ते वरचं तापलेलं पाणी लोटत नेतात, अंगणात साठलेलं पाणी खराट्यानं लोटावं तसं. त्यामुळं इंडोनेशियाच्या अंगाला कोमट पाण्याचा अफाट साठा जमतो, २८-२९ अंशांचा, आणि तिकडची समुद्राची पातळी पेरूच्या बाजूपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच राहते. समुद्राला चढ-उतार असतो ही गोष्ट मला कित्येक दिवस पचली नव्हती. त्या कोमट साठ्यावर हवा तापून वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. ती हवा वरच्या वर पूर्वेला जाते, पेरूजवळच्या गार पाण्यावर खाली उतरते आणि समुद्राच्या अंगाअंगानं परत पश्चिमेकडं येते. हजारो किलोमीटर लांबीचं एक रहाटगाडगं.

कधीतरी हे वारे मंदावतात. दाबून धरलेलं पाणी उतारानं पूर्वेकडं ओघळतं. पाणी सरकलं की हवा चढायची जागाही सरकते, थेट पॅसिफिकच्या मधोमध. मग इंडोनेशियापासून भारतापर्यंतच्या पट्ट्यात, जिथं हवा चढायला हवी, तिथं ती वरून खाली बसायला लागते. खाली बसणारी हवा ढगाला डोकं वर काढू देत नाही. आई बाहत्तरबद्दल हेच सांगते, फक्त वेगळ्या शब्दांत: "आभाळ भरून यायचं, वारं सुटायचं, वाटायचं आता पडतोय. आन् डोक्यावरनं निघून जायचं."

आता वारे मंदावले म्हणून पाणी सरकलं, की पाणी सरकलं म्हणून वारे मंदावले? दोन्हीही. पूर्व-पश्चिम पाण्यातला फरक कमी झाला की वारे आणखी मंदावतात, वारे मंदावले की फरक आणखी कमी होतो. सासू-सुनेच्या भांडणासारखं आहे हे, सुरुवात कुणी केली ते विचारायचं नसतं. हे भांडण समुद्राचं आणि हवेचं मिळून आहे, असं याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेच्या माणसानं १९६९ साली मांडलं. म्हणजे बाहत्तरच्या तीनच वर्षं आधी. आमच्या विहिरीवर तोपर्यंत ते पोचलेलं नव्हतं.

ब्यर्कनेसनं त्या रहाटगाडग्याला ज्याचं नाव दिलं तो गिल्बर्ट वॉकर मात्र आपल्या हवामान खात्याचा साहेब होता. १९९१ साली शिकायला पुण्यात आलो तेव्हा शिवाजीनगरला कंडक्टर "सिमला ऑफिस" असं ओरडायचा आणि मला वाटायचं, इथून सिमल्याची तिकिटं मिळत असतील. ती मनोऱ्याची दगडी इमारत हवामान खात्याची आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, आणि पुणेकरांनी नव्या इमारतीला जुन्या गावाचं नाव चिकटवलं ते कायमचं. वॉकर त्याआधी, १९०४ ते १९२४, या खात्याचा प्रमुख होता. मूळचा केंब्रिजचा गणिती. बूमरँग परत का येतं यावर त्याचा अभ्यास. हवामानशास्त्राचं शिक्षण शून्य. पण १८९९ साली खात्याचा अंदाज सपशेल चुकून देशभर दुष्काळ पडला होता, आणि पावसाचा आधी सुगावा लागेल असं काहीतरी सरकारला हवं होतं. वॉकरनं जगभरच्या ठाण्यांचे आकडे मागवले: हवेचा दाब, पाऊस, तापमान, नद्यांचे पूर. भारतीय कारकुनांची फौज बसवली आणि कशाचा कशाशी मेळ बसतो ते कागद-पेन्सिलीनं शोधत राहिला. वर्षानुवर्षं. त्या कारकुनांची नावं कुणी लिहून ठेवलेली मला दिसली नाहीत. स्वतः कारकुनी केल्यामुळं मला त्यांच्या बोटांवरची शाई दिसते.

त्यातून निघालं ते असं की पॅसिफिकमध्ये ताहितीकडं हवेचा दाब वर गेला की ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडं तो खाली येतो, आणि उलट. अर्ध्या पृथ्वीएवढा झोका. वॉकरनं १९२४ साली त्याला दक्षिणी आंदोलन असं नाव दिलं. इंग्लंडात काहींनी हे आकड्यांचे खेळ म्हणून सोडून दिलं, कारण झोका कोण देतं ते त्याला सांगता येत नव्हतं. झोका समुद्र देत होता, आणि समुद्राच्या मध्यावरचे आकडे तेव्हा कुणाकडेच नव्हते.

हे वाचल्यावर मला बाभळीची झोळी आठवणं साहजिक होतं. उगाच जुळवाजुळव करायची सवय नाही मला, पण ही आपोआप जुळली.

१९९७चं काय झालं ते सांगायचं राहिलं. काहीच झालं नाही. एवढा राक्षसी एल निनो, आणि देशात पाऊस सरासरीइतका पडला. आमच्या शाखेत हवामान खात्यावरचे नेहमीचे विनोद झाले. मीही केले. मग २००२ साली मध्यम ताकदीचा एल निनो आला आणि जुलै महिना देशभर निम्माही पडला नाही. तेव्हा विनोद करावेसे वाटले नाहीत. पॅसिफिक एकटा नसतो, हे त्यातलं उत्तर. आपल्या हिंदी महासागराचाही एक छोटा झोका आहे: कधी आफ्रिकेकडचं पाणी जास्त तापतं, कधी सुमात्राकडचं. १९९९ साली भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी मिळून तो दाखवून दिला. आफ्रिकेकडचं पाणी गरम असेल तर आपल्या पावसाला टेकू मिळतो, आणि १९९७ साली तो मिळाला होता. २०१९ साली हाच झोका एका बाजूला इतका गेला की ऑक्टोबर उलटला तरी पाऊस थांबेना, काढणीला आलेलं पीक शेतातच कुजलं, अरबी समुद्रात एका वेळी दोन वादळं फिरत होती. आणि ऑस्ट्रेलियात त्याच सुमाराला जंगलं पेटली. आता मी कुणाला "यंदा एल निनो आहे, म्हणजे दुष्काळ नक्की" असं बोलताना ऐकलं की गप्प बसवतो. समुद्र फासे जड करतो. दान पडायचं ते पडतं.

सगळा दोष समुद्रावर टाकून हात झटकणंही फार सोयीचं आहे. २०१५ साली पुन्हा मोठा एल निनो होता, आणि मी तेव्हा लातूरला बदलीवर. सलग दुसरं कमी पावसाचं वर्ष. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जलदूत. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. स्टेशनवर गाडीला हार घातलेले. मिरज माझ्या जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात आमचं गाव तेव्हा टँकरवर होतं, हे मी सहकाऱ्यांना सांगितलं तर ते हसले. पण मला आठवत होतं ते वेगळंच. त्याआधीच्या वर्षांत उसाची आणि बोअरची कर्जं माझ्याच सहीनं गेली होती. सहाशे फूट, आठशे फूट. पॅसिफिकनं मला त्या कागदांवर सही करायला सांगितलं नव्हतं.

आणि आता समुद्र तोही राहिलेला नाही. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत ३१५ होता, आता ४२०च्या वर. त्या गोधडीखाली जी जास्तीची उष्णता अडकते तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यात साऱ्या वातावरणाइतकी उष्णता मावते, आणि समुद्र तर सरासरी साडेतीन किलोमीटरहून जास्त खोल. आपल्याला उन्हाळा एवढाच तापलेला वाटतो तो समुद्रानं बाकीचं गिळलं म्हणून. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार नळकांडी सोडलेली आहेत. दर दहा दिवसांनी ती दोन हजार मीटर खोल बुडी मारतात, वर येताना तापमान-खारेपणा मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. वॉकरच्या कारकुनांना जे मिळालं नाही ते आता ही नळकांडी न थकता पुरवतात.

पाणीच वर चढलं की छोटी लाटही उंबऱ्यापर्यंत येते. पाण्याचं जोतं उंच झालंय, घर तिथंच आहे. २०२३ला एल निनो आला तो आधीच तापलेल्या समुद्रावर. त्या सालचा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, आणि २०२४ हे साल जगाच्या सरासरी तापमानात औद्योगिक काळाआधीच्या पातळीपेक्षा दीड अंशानं वर गेलेलं पहिलं साल ठरलं. कोरडं पडतं तेव्हा जास्त कोरडं, आणि हवा एका अंशाला सात टक्के जास्त बाष्प धरते म्हणून पडतं तेव्हा कोसळतं. अरबी समुद्र, जो वादळांच्या बाबतीत बंगालच्या उपसागराचा गरीब भाऊ समजला जायचा, त्यातून ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ परत धरायला लागायला सात-आठ वर्षं लागतात. पुढल्याच मे महिन्यात तौक्ते.

लातूरहून परत आल्यावर एका दुपारी मी आईला हे सगळं सांगायला बसलो. परात घेतली, पाणी भरलं, वर हळद भुरभुरली. हातपंख्यानं एका बाजूनं वारा घातला. हळद सरकत सरकत पलीकडच्या काठाला जाऊन जमली. "ही हळद म्हंजी गरम पाणी," मी म्हटलं. मग पंखा थांबवला. हळद हळूहळू परत पसरली. "ह्ये झालं बाहत्तर साली."

आईनं परातीत बोट बुडवून पाहिलं. "ही परात कुठशी हाय?"

"लई लांब. इथनं सोळा-सतरा हजार किलोमीटर."

"आन् वारं का थांबलं?"

"त्ये अजून नीट न्हाय सांगता येत. आधनंमधनं थांबतं."

ती बराच वेळ हळदीकडं बघत राहिली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल, किंवा हसेल. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आरोप मी परातभर पाण्यात धुऊन दिला होता, निदान माझा तसा समज होता. ती म्हणाली, "तिकडं मासं गेलं म्हंतोस ना? मग तिकडं बी आसंल की एखादी सून, नुकती लगीन हून आलेली."

मला उत्तर सुचलं नाही. पैताच्या खलाशांनी प्रवाहाला बाळाचं नाव दिलं हे मी कौतुकानं वाचलं होतं. त्या किनाऱ्यावरच्या विहिरीवर काय बोललं गेलं, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एल निनोचं नाव 'पोरगं' आणि त्याच्या उलट्या, गार पाण्याच्या ला निनाचं 'पोरगी' पडलं. दर मे महिन्यात आई विचारते, "यंदा पोरगं हाय का पोरगी?" पोरगी असेल तर पाऊस बरा, हे तिनं लगेच उचललं. त्यावर तिची स्वतःची एक टिप्पणी असते, ती इथं लिहिण्यासारखी नाही.

तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दोन हिवाळ्यांपूर्वी, गणपतीपुळ्याला. दर्शन झाल्यावर आम्ही वाळूत उतरलो. तिनं चपला हातात घेतल्या, नऊवारी पोटऱ्यांपर्यंत खोचली आणि सरळ पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट आली, तिच्या घोट्यांना फेस लागला, परत गेली. पायाखालची वाळू सरकली तशी ती माझा दंड धरून म्हणाली, "वढतंय रं."

"गार हाय का गरम?" मी विचारलं.

"न्हाय सांगता येत. पावसाच्या पाण्यागत हाय." मग हात बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकली.

थोड्या वेळानं तिनं माझ्याकडची पाण्याची बाटली मागितली. उरलेलं पाणी वाळूत ओतलं, वाकून समुद्राच्या पाण्यानं भरली, बूच घट्ट लावलं.

"कशाला?"

"गावाकडं जाशील तवा घिऊन जायचं. आत्तीच्या फोटुम्होरं ठिवायचं." आणि चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता, "बगू दे म्हातारीला."

गावाकडं जाणं अजून झालेलं नाही. बाटली ओट्याखाली हातोडीशेजारी आहे, आणि तळाला बोटभर वाळू बसली आहे.